गाजराचे यकृत

गुडघ्यापर्यंत विजारी दुमडलेली सहा माणसे सहा निळ्या टबांत पाय बुडवून बसली होती, आणि त्यांच्याभोवती निम्मे गाव अंगावरचे कोट न काढता उभे होते. रीटवर्डमध्ये निम्मे गाव म्हणजे नव्वद माणसे. गावघरात, म्हणजे गावाच्या सभागृहात, एवढी गर्दी याआधी झाली होती ती कालव्यावरचा पूल पाडायचा की नाही, या वादाच्या दिवशी. त्या दिवशी कोणाचे कोणाला ऐकू येत नव्हते. आज शनिवारी भरदुपारी टाचणी पडली असती तरी ऐकू आले असते, कारण टबांतले पाणी रंग बदलत होते.

पहिली पाच मिनिटे काहीच झाले नाही. मग दोन पायांच्या मधोमध ठेवलेल्या जाळीच्या डबीतून एक पिवळसर धागा वर आला आणि गरम पाण्यात चहाची पुडी सोडावी तसा पसरला. पंधराव्या मिनिटाला पाणी नारिंगी झाले, विसाव्याला विटकरी. अर्ध्या तासाने टबांत जे काही तरंगत होते ते पाहून पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी नाकाला रुमाल लावला, वास कसलाच येत नव्हता तरी.

"बघा," डाल्मसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता आणि कोट पांढरा. "हे तुमच्या शरीरात होतं. इतकी वर्षं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या डोळ्यांवर ठेवा."

डाल्मसाहेब तीन आठवड्यांपूर्वी आपल्या गाडीतून सहा टब, सहा यंत्रे आणि एक रंगीत तक्ता घेऊन गावात आले होते. दर गुरुवारी आणि शनिवारी ते येत. यंत्र पाण्यात आयन सोडते, आयन तळपायाची छिद्रे उघडतात, पेशींची फ्रिक्वेन्सी जुळते आणि साठलेले विष बाहेर पडते, असे ते सांगत. हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणत की त्याचा अर्थ विचारणे असभ्यपणाचे वाटे. तक्ता भिंतीवर टांगलेला होता. नारिंगी म्हणजे सांधे. विटकरी म्हणजे यकृत. हिरवट म्हणजे पित्ताशय. पांढरा फेस म्हणजे थकलेल्या गाठी. काळे कण म्हणजे जड धातू आणि औषधांचा गाळ. प्रत्येक रंगाला एकेक अवयव नेमून दिलेला होता. 'तुम्हाला काही झालेले नाही' असा अर्थ होईल असा एकही रंग तक्त्यावर नव्हता.

"माझं यकृत तुझ्यापेक्षा वाईट आहे," गवळी द्युरे शेजारच्या टबाकडे बघून समाधानाने म्हणाला.

"तू पाय धुऊन आला नाहीस, एवढंच आहे ते," शेजारचा वीब्रेन म्हणाला. पण त्यालाही आपले पाणी फिके निघाल्याचे वाईट वाटत होते.

आता रीटवर्डची माणसे भोळी आहेत असे कोणी समजू नये. फ्रीसलंडच्या तळ्यांकाठचे हे गाव सांगोवांगीवर कधीच जात नाही. हिवाळ्यात तळे गोठले आणि रेडिओने बर्फ जाड झाल्याचे सांगितले, तरी इथला माणूस आधी स्वतः गिरमिटाने भोक पाडतो, पट्टी घालून मोजतो आणि मगच पाय टाकतो. पाद्र्याचे ऐकून घेतात, राजधानीतल्या मंत्र्याचे तेवढेही नाही. डोळ्यांना दिसेल तेच खरे, हा त्यांचा बाणा. आणि नेमके तिथेच डाल्मसाहेबांचे फावले. ते काही मानायला सांगतच नव्हते. ते दाखवत होते.

तिसऱ्या टबात बाउक्ये बसली होती. पासष्ट वर्षांची, सडसडीत, गावच्या वाचनालयाची माजी ग्रंथपाल. तिचा नवरा गोस्से तिच्या मागे उभा होता. गोस्सेची तळ्याकाठी बोटी दुरुस्त करायची शेड होती आणि चाळीस वर्षे तो बोटींच्या पोटाखाली उताणा पडून काम करत आला होता. या पाण्याचे गुण गावात पहिल्यांदा गायले ते त्यानेच. दोन बैठकींत त्याचा डावा गुडघा हलका झाला होता.

डाल्मसाहेब बाउक्येच्या टबापाशी उकिडवे बसले. पाण्यात काळे ठिपके तरंगत होते.

"कसल्या गोळ्या चालू आहेत का, ताई?"

"हृदयाच्या. ठोके अनियमित पडतात म्हणून. आणि रक्त पातळ राहायची एक."

डाल्मसाहेबांनी काही न बोलता एक काळा कण चमच्यावर घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उजेडात धरला. मग बाउक्येकडे पाहून त्यांनी हलकेच नकारार्थी मान हलवली. गोळ्या बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. ते असे काही कधीच म्हणत नसत.

निघताना त्यांनी गोस्सेच्या हातात तिसऱ्या टबातली झिजलेली जाळी दिली. "विष शोषून शोषून संपली ही. लांब कुठेतरी पुरून टाका. फार हाताळू नका."

गोस्सेने मान डोलावली आणि ती कोटाच्या खिशात टाकली. धातूचा तुकडा पुरून टाकणे त्याच्याच्याने होण्यासारखे नव्हते.

*

बुधवारी सकाळी न्याहारीची भांडी विसळताना गोस्सेचा हात खिडकीतल्या गोळ्यांच्या डबीला लागला. डबीला सात कप्पे होते, आठवड्याच्या सात वारांचे. रविवारचा कप्पा भरलेला होता. सोमवारचाही. मंगळवारचाही.

"बाउक्ये, गोळ्या राहिल्यात तुझ्या."

"राहिल्या नाहीत. ठेवल्यात." ती पावाला लोणी लावत होती. "एका बाजूनं विष काढायचं आणि दुसऱ्या बाजूनं रोज सकाळी आत टाकायचं, याला काही अर्थ आहे का?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर काय म्हणणार? घ्या म्हणणार. त्यांनी माझ्या आतलं कधी चमच्यावर काढून दाखवलंय?"

"अगं, पण तुझ्या आईचं आठव की."

बाउक्येने सुरी खाली ठेवली. तिची आई डावी बाजू लुळी पडून तीन वर्षे खिडकीशी बसून होती. शेवटच्या वर्षी तिला मुलीचे नावही धड उच्चारता येत नव्हते. हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली होती. असे बाउक्येचे होऊ नये म्हणून तर त्या गोळ्या होत्या.

"आठवतं ना," बाउक्ये म्हणाली. "म्हणूनच शरीर स्वच्छ ठेवायचंय मला. आणि मला कशाला सांगतोस? गावभर तूच सांगत फिरलास ना, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून?"

गोस्सेने हातातली बशी ठेवून दिली. तो कोट चढवून बाहेर पडला. शेडमध्ये त्याने एका बोटीला दीड तास घासकागद मारला आणि दुपार झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की ती बोट कालच घासून झाली होती.

*

बुधवारी दुपारी शाळांना सुट्टी असते आणि तेव्हा गावघराच्या स्वयंपाकघरात रिन्स्केबाई मुलांना घेऊन छोटे छोटे प्रयोग करत बसत. बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. गोस्सेची दोन्ही मुले त्यांच्या हाताखालून गेली होती आणि आता नात यिल्डाऊ त्यांच्याकडे येत होती. ती नऊ वर्षांची होती. खिडकीत पाच काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, त्यांत घेवड्याचे दाणे रुजत घातले होते.

"आजोबा, हिला आम्ही साखरेचं पाणी घालतो," यिल्डाऊ बरण्या दाखवत म्हणाली. "हिला दूध. हिला कॉफी. ही अंधारात असते. आणि हिला साधं पाणी, हिचं वेगळं काहीच करत नाही. ही सगळ्यात महत्त्वाची."

"का?"

"हिच्याशिवाय बाकीच्यांचं काय कळणार?" तिने आजोबांकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

बाईंनी मुलांना अंगणात पिटाळले, गोस्सेला कॉफी दिली, सोबत एक बिस्कीट दिले आणि डब्याचे झाकण लावून टाकले. मग त्या समोर बसल्या. गोस्सेने सगळे सांगितले.

"तुझ्या गुडघ्याचं आधी सांग," बाई म्हणाल्या. "डाल्मकडे कधी गेलास?"

"तीन आठवड्यांपूर्वी. जिना चढवत नव्हता."

"म्हणजे दुखणं अगदी शिगेला पोचलं तेव्हा. गेल्या वर्षी मार्चमध्ये कसा होता गुडघा?"

गोस्सेने आठवले. "असाच. हिवाळाभर शेडच्या गार फरशीवर पडून काम करतो ना. मार्च सरता सरता होतो बरा."

"गेल्या वर्षी कुठल्या टबात पाय घातले होतेस?"

गोस्सेने हातातले बिस्कीट बशीत ठेवले.

"हे बघ, दुखणं सोसेनासं झालं की माणूस उपाय शोधायला निघतो. आणि जे सोसेनासं होईस्तोवर चढलंय, त्यातलं बरंचसं आपोआपच उतरणार असतं. उतरताना हाताशी जो असेल त्याला श्रेय मिळतं. या वर्षी डाल्म होता." बाईंनी घोट घेतला. "आता पाण्याचं. तुझ्या डोळ्यांनी काय बघितलं, तेवढंच सांग."

"पाय घातले, पाणी तपकिरी झालं."

"आणि पाय घातले नसते तर?"

"तर..." गोस्सेने कप खाली ठेवला. "तसं कोणी करून बघितलंच नाही, बाई."

"मग ते पाणी पायांमुळं तपकिरी झालं, हे तुला कसं कळलं?"

खिडकीतल्या पाचव्या बरणीकडे गोस्सेची नजर गेली. रुमाल काढायला त्याने खिशात हात घातला आणि हाताला ती जाळी लागली. ती त्याने बाहेर काढली. शनिवारपासून त्याने तिच्याकडे नीट बघितलेही नव्हते. आता उजेडात धरून बघितले. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, तारेवर बारीक बारीक खड्डे पडले होते आणि खड्ड्यांत विटकरी भुकटी साचली होती.

"बाई," तो सावकाश म्हणाला, "हे मी रोज बघतो."

"कुठं?"

"बोटीच्या पोटाखाली. समुद्रात जाणाऱ्या बोटींना आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो. खारं पाणी धातू खातं, तर त्यानं ठोकळे खावेत, बोटीचा पंखा खाऊ नये, म्हणून. एक ठोकळा वर्षभर पुरतो. पण धक्क्यावरच्या विजेची तार गळकी असेल ना, आणि थोडी वीज पाण्यात उतरत असेल, तर तोच ठोकळा महिन्यात संपतो. असाच दिसतो. हे असेच खड्डे." त्याने जाळी टेबलावर ठेवली. "मीठ, वीज आणि धातू. डाल्म प्रत्येक टबात चमचाभर मीठ घालतो. हिमालयातली खनिजं म्हणतो त्याला. आणि ही जाळी लोखंडाची आहे. म्हणजे ते पाणी..."

"म्हण ना."

"गंज आहे. नुसता गंज. आमच्या पायांतून काहीच आलेलं नाही. जाळीतून आलंय."

"चाळीस वर्षं बघतोयस, मग शनिवारी कसं दिसलं नाही?"

"शनिवारी मी बोटीखाली नव्हतो, बाई. पांढऱ्या कोटाशेजारी उभा होतो." तो उठला. "आत्ता जाऊन बाउक्येला सांगतो."

"सांगशील, आणि ती म्हणेल, तेव्हाही तूच सांगत होतास. बस खाली. उद्या गुरुवार आहे, डाल्म येईल. तोवर एक काम कर. डॉक्टरांकडे फोन करून परवाची वेळ घेऊन ठेव. आणि यिल्डाऊला म्हणावं, येताना दोन गाजरं घेऊन ये. हिवाळी, चांगली जाडजूड."

*

गुरुवारी गर्दी आणखी वाढली होती. शेजारच्या गावातूनही माणसे आली होती. रिन्स्केबाई पुढे जाऊन तक्त्यापाशी उभ्या राहिल्या आणि चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"साहेब, मला एक समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "या तक्त्यावरून, नुसतं पाणी बघून, माणसाचा आजार कळतो?"

"अर्थातच."

"माणूस समोर नसला तरी?"

डाल्मसाहेब हसले. "बाई, हे विज्ञान आहे. माणसाचा चेहरा बघून सांगायला मी ज्योतिषी थोडाच आहे."

"मग आज तसंच करू या का? गावच्या नाटकमंडळींचा पडदा आहे. त्याच्यामागं चार टब लावू. अर्ध्या तासानं मुलं नुसते टब बाहेर आणतील, आकडे टाकून. तुम्ही वाचून दाखवा. ज्यांच्या मनात अजून शंका आहे, त्यांची कायमची फिटेल."

लोकांनी माना डोलावल्या. डाल्मसाहेबांनी गर्दीकडे पाहिले, ती आपल्याकडे किती भरवशाने पाहते आहे तेही पाहिले, आणि होकार दिला.

बाईंनी दोघांना पडद्यामागे बोलावले, द्युरेला आणि बाउक्येला. बाउक्येला त्या एवढेच म्हणाल्या, "आत जे दिसेल ते फक्त बघायचं. मी तुला काहीही सांगणार नाही." बाउक्ये नाखुशीनेच उठली. गोस्सेने यंत्रे जोडली. मग अर्धा तास लाल पडदा बंद राहिला. मधूनमधून आतून द्युरेच्या खोकल्याचा आवाज येई. खरे तर तो खोकला नव्हता, दाबलेले हसू होते. पण ते बाहेरच्यांना कळायला मार्ग नव्हता.

चार टब ओळीने बाहेर आले आणि मागोमाग द्युरे आणि बाउक्ये येऊन गर्दीत बसले. पहिला, दुसरा आणि चौथा गडद विटकरी. तिसरा जवळजवळ नितळ.

डाल्मसाहेब पहिल्यापाशी वाकले. "पुरुष. कष्टाचं काम. सांधे आणि यकृत, दोन्हींवर ताण." द्युरेच्या बायकोने मान डोलावली. सगळ्यांनाच वाटले, बरोबर आहे.

दुसऱ्या टबापाशी ते जास्त वेळ थांबले. त्यांनी चमच्याने एक काळा कण उचलला. "ही स्त्री आहे. वयानं साठीच्या पुढची. यकृत फार थकलंय. आणि हा औषधांचा गाळ, बरीच वर्षं साठलेला. ताई," त्यांनी बाउक्येकडे मायेने पाहिले, "मला वाटतं, आपण दोघंही ओळखतो हे कोणाचं आहे ते."

बाउक्येने नुसते चमच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरून कोणालाच काही समजले नाही.

"तिसरा टब. बघा, किती स्वच्छ. लहान मूल असणार. शरीरात अजून काही साठलेलंच नाही. आणि चौथा..." त्यांनी कपाळाला आठी घातली. "पित्त. खूप पित्त. ही व्यक्ती रागीट आहे आणि रात्री नीट झोपत नाही."

"आभारी आहे," रिन्स्केबाई म्हणाल्या. "यिल्डाऊ, दोन नंबरच्या पेशंटला घेऊन ये बरं."

यिल्डाऊ पडद्याआडून आली. तिच्या हातातल्या ताटलीत दोन ओली गाजरे होती. तिने ती डाल्मसाहेबांसमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, पाय ठेवावेत तशी.

सुरुवातीला कोणाच्या काही लक्षात आले नाही. मग मागून वीब्रेनचा आवाज आला, "यकृत कोणत्या बाजूला असतं हो यांचं?" आणि हसू मागच्या रांगेतून पुढे येऊ लागले.

"चौथ्यात कोणीच नव्हतं," बाई म्हणाल्या. "नुसतं पाणी, मीठ आणि यंत्र. ते रागीट आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात बाउक्ये होती. तिच्या टबात फक्त मीठ घातलं नव्हतं."

डाल्मसाहेबांनी तोल सोडला नाही. "गाजर शेतातून येतं. शेतात रसायनं असतात. त्यातूनही विष निघणारच."

"बरं. आणि चौथ्यात?"

"पाण्यातही असतं. हवेतही असतं. यंत्र सगळीकडचं ओढून घेतं."

"मग गेल्या शनिवारी बाउक्येच्या टबात होतं, त्यातलं तिचं कुठलं आणि हवेतलं कुठलं, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

डाल्मसाहेबांनी बॅग उघडून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. "यावर संशोधन झालेलं आहे, बाई."

बाईंनी पुस्तिका घेतली आणि वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली. वीस माणसांना पाच बैठकी दिल्या. नंतर बरे वाटते का, असे विचारले. अठरा जण हो म्हणाले. "अर्धा तास कोमट पाण्यात पाय घालून स्वस्थ बसलं तर मलाही बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "यंत्र न लावता बसवलेल्या वीस जणांना विचारलं होतं का? ते इथं दिसत नाही. आणि हे कोणी केलं? खाली बारीक अक्षरात आहे. यंत्र बनवणाऱ्यांनीच." पुस्तिका त्यांनी अदबीने परत दिली.

मग गोस्से पुढे आला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर ठेवला. मुले यीस्ट मोजायला वापरत तो, ग्रॅमचा दहावा भागही दाखवणारा.

"चौथ्या टबातली जाळी मी आत टाकायच्या आधी तोलली होती. बेचाळीस पूर्णांक सहा ग्रॅम. वीब्रेन, तू बघितलंयस." वीब्रेनने मान डोलावली. गोस्सेने जाळी टबातून काढली, भुकटी झटकली, पुसली, आणि स्टोव्हजवळ नीट वाळवून काट्यावर ठेवली. "एकेचाळीस पूर्णांक पाच. एक ग्रॅमच्या वर धातू गेलाय. टबात दुसरं काही नव्हतंच, तेव्हा पाण्यात जे आहे ते हेच. द्युरे, तुझ्या बोटीचा पंखा दोन वर्षांपूर्वी कशानं गेला होता?"

"धक्क्यावरची तार गळकी होती," द्युरे म्हणाला. मग त्याने टबाकडे पाहिले. गर्दीतल्या बोटवाल्यांनीही एकेक करून पाहिले. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. गावातल्या प्रत्येक शेडमध्ये असल्या गंजाचे डबे भरलेले होते. त्यांनी तो फक्त पायांशेजारी कधी पाहिला नव्हता.

"आणि मीठ नसलं की वीज पाण्यातून नीट जात नाही," गोस्से म्हणाला. "म्हणून बाउक्येचं पाणी स्वच्छ राहिलं. ती शनिवारी जशी होती तशीच आज आहे. बदललं ते मीठ."

लोक पांगायला लागले. डाल्मसाहेब तक्ता गुंडाळू लागले तेव्हा टब उचलायला गोस्सेच पुढे झाला, कारण गावात आलेल्याला सामान चढवायला मदत करायची रीत होती. गाडीच्या मागच्या भागात एक खोके होते. त्यात कोऱ्या जाळ्या रचून ठेवल्या होत्या आणि खोक्यावर कारखान्याची चिठ्ठी होती: लोखंडी जाळी, वापराने झिजते, दहा वापरांनंतर बदलावी.

गोस्सेने ते दोनदा वाचले. "तुम्हाला माहीत होतं."

डाल्मसाहेबांचा आवाज आता मऊ नव्हता, थकलेला होता. "लोकांना बरं वाटतं हो. त्यात कोणाचं काय बिघडलं?"

"माझ्या बायकोनं पाच दिवस गोळी घेतली नाही."

डाल्मसाहेबांनी गाडीचे दार लावले.

*

घरी जाताना बाउक्ये कालव्याच्या कडेने पुढे पुढे चालत होती. पुलापाशी ती थांबली.

"अर्धा तास मी त्या गाजरांशेजारी बसले होते," ती म्हणाली. "त्यांचं पाणी विटकरी होत चाललं होतं आणि माझं होतं तसंच नितळ. आधी वाटलं, मी बरी झाले. मग वाटलं, गाजरं आजारी आहेत. मग लाज वाटली."

"लाज मला वाटायला हवी. मी सुरुवात केली."

"ते तर आहेच," बाउक्ये म्हणाली. पण तिने त्याचा दंड धरला. "फक्त एक सांगते. गोळ्या पुन्हा घेतल्या तरी नुसतं तू म्हणालास म्हणून घेणार नाही. डॉक्टर म्हणतात म्हणूनही नाही. एकदा कोटाला भुलले, तेवढं पुरे. कोट त्यांचाही पांढराच आहे."

शुक्रवारी सकाळी ती डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत ताठ बसली. पाच दिवसांचे सगळे तिने खरे खरे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला आणि रागावल्या नाहीत.

"मला एक विचारायचंय," बाउक्ये म्हणाली. "ही गोळी घेतली नाही तर काय होतं, हे कोणी बघितलंय का? म्हणजे माझ्यासारख्याच माणसांत. काहींना गोळी देऊन आणि काहींना न देता."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "बघितलंय. हजारो माणसांत, बऱ्याच देशांत. कोणाला खरी गोळी आणि कोणाला नुसती दिसायला तशीच, हे काही चाचण्यांत डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं." त्यांनी कागदावर शंभर ठिपके काढले. "तुमच्यासारखी शंभर माणसं. गोळी नसेल तर वर्षभरात साधारण चार-पाच जणांच्या मेंदूत गुठळी जाते. गोळी असेल तर एक-दोघांच्या. सगळे वाचतात असं नाही. आणि गोळीनं रक्तस्राव व्हायचा धोका थोडा वाढतो, तोही खरा आहे. म्हणून तर मी तुमचं रक्त तपासत असते."

बाउक्ये त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. चार-पाच जणांवर डॉक्टरीणबाईंनी फुली मारली होती. त्यातली एक तिला ओळखीची वाटली. तिला खिडकीशी बसलेली आई दिसली.

"म्हणजे रिकामा टब लावून बघितलाय," ती म्हणाली.

"काय लावून?"

"काही नाही." बाउक्येने पर्समधून डबी काढली. "राहिलेल्या सगळ्या आज घ्यायच्या का?"

"मुळीच नाही. राहिल्या त्या राहिल्या. आजची आज, उद्याची उद्या."

बाउक्येने शुक्रवारचा कप्पा उघडला, दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या आणि बेसिनपाशी जाऊन, नळाच्या साध्या पाण्याबरोबर गिळल्या. दारात उभा असलेला गोस्से तेव्हा कुठे खाली बसला.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, डाल्मसाहेब रीटवर्डला पुन्हा आले नाहीत. पण ते कुठे तरी गेले असणारच. तुमच्याकडे येतील तेव्हा टब असेलच असे नाही. एखादी बाटली असेल, हातात घालायचे कडे असेल, फोनवर आलेला निरोप असेल. पांढरा कोट असेल, वीस माणसांचे संशोधन असेल, बरे वाटल्याचे सांगणारा तुमचाच शेजारी असेल, आणि तो खोटेही बोलत नसेल. भांडू नका. आपल्या डोळ्यांनी बघितले एवढ्यावर भाळूही नका, कारण डोळे फक्त समोरचा टब बघतात. शेजारी दुसरा टब मांडायला सांगा, सगळे तेच आणि तसेच, फक्त त्यात पाय नकोत. खरे औषध या परीक्षेला घाबरत नाही. आणि जो माणूस तो दुसरा टब मांडू देणार नाही, त्याच्यासमोर आपले मोजे काढू नका.